कार्बनचे घड्याळ आणि गंगेकाठची पहिली नगरे

३ एप्रिल १९४९ रोजी लखनौमध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते एका संस्थेची कोनशिला बसवली गेली. शिला साधी नव्हती. जगाच्या वेगवेगळ्या भागांतून मिळवलेले जीवाश्म तिच्यात बसवलेले होते आणि ती कल्पना होती प्रा. बिरबल साहनी यांची. समारंभानंतर आठवडाभरातच साहनींचे निधन झाले. संस्थेची धुरा त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी उचलली आणि पुढे अनेक वर्षे नेटाने सांभाळली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिकडे शिकागो विद्यापीठातील विलर्ड लिबी आणि जेम्स आर्नल्ड यांचा एक छोटासा शोधनिबंध ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचे वय आधीच ठाऊक आहे अशा जुन्या लाकडांमधला कार्बन-१४ मोजून त्यांनी दाखवून दिले होते की, मेलेले झाड स्वतःच एक घड्याळ असते. या दोन घटनांचा परस्परांशी काहीही संबंध नव्हता. तो सत्तरच्या दशकात जुळला, जेव्हा लखनौच्या याच संस्थेत कार्बन-१४ मोजणारी प्रयोगशाळा उभी राहिली आणि उत्तर भारतातील उत्खननांतून निघालेला कोळसा तिथे येऊ लागला.

वनस्पती-जीवाश्मांच्या संस्थेचा आणि प्राचीन नगरांचा हा संबंध तसा संस्थापकापासूनचाच म्हणायला हवा. साहनींना १९३६ मध्ये रोहतकजवळच्या खोकराकोट टेकाडावर नाणी ओतण्याच्या मातीच्या साच्यांचे तुकडे सापडले होते. त्यांवरून प्राचीन टांकसाळीत नाणी कशी ओतली जात याची फेरमांडणी करणारा त्यांचा ग्रंथ १९४५ मध्ये निघाला. पुराणवनस्पतिशास्त्रज्ञाने नाणकशास्त्राला दिलेली ही देणगी आजही महत्त्वाची मानली जाते. आज ‘बिरबल साहनी पुराविज्ञान संस्थान’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संस्थेत कार्बन, परागकण, झाडांची वलये, जळके धान्य अशा अनेक वाटांनी भूतकाळ मोजला जातो.

लखनौ स्वतः मात्र देशातील सर्वांत जुन्या नगरांत मोडत नाही. गोमतीकाठच्या लक्ष्मण टीला या टेकाडाशी रामाच्या भावाची कथा जोडलेली असली, तरी शहराला आजचे रूप आले ते १७७५ मध्ये आसफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून इथे हलवल्यानंतर. जिल्ह्यातील हुलासखेडा येथे कुषाणकालीन विटांचा रस्ता उत्खननात निघाला आहे. म्हणजे आसपास नागर जीवन होते, पण मोठे नगर नव्हते. ‘महापरिनिब्बान सुत्ता’त एक प्रसंग आहे. बुद्ध कुशिनारेसारख्या आडगावी देह ठेवणार हे आनंदाला रुचत नाही. तो सहा महानगरांची नावे घेतो: चंपा, राजगृह, श्रावस्ती, साकेत, कौशांबी आणि वाराणसी. यांतील श्रावस्ती, साकेत, कौशांबी आणि वाराणसी ही चार नगरे आजच्या उत्तर प्रदेशात आहेत. भारतीय नगरांची ही पहिलीच पिढी नव्हे. हडप्पा, मोहेंजोदडो, धोलावीरा, राखीगढी ही सिंधू संस्कृतीची नगरे इ.स.पू. २६०० ते १९०० या काळात भरभराटीस येऊन ओसरली होती. त्यानंतर हजारभर वर्षांनी गंगेच्या मैदानात नगरे पुन्हा उभी राहिली. इतिहासकार याला ‘दुसरे नागरीकरण’ म्हणतात. आज अखंड वसलेली आपली बहुतेक प्राचीन शहरे या दुसऱ्या पिढीची वारस आहेत.

ही पिढी नेमकी कधी जन्मली? प्रश्न सरळ दिसतो, पण त्याच्या उत्तराआड एक विलक्षण भौतिक अडथळा उभा आहे.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. वस्ती जुनी म्हणजे नगर जुने नव्हे. वाराणसीला जगातील सर्वांत प्राचीन शहर ठरवणारे मथळे अधूनमधून झळकतात. त्यांत बहुधा पहिल्या चुलीची तारीख नगराच्या खात्यावर टाकलेली असते. काशी रेल्वे स्थानकाच्या विस्तारासाठी १९४० मध्ये राजघाटाजवळ खोदकाम सुरू झाले, तेव्हा जुन्या काशीचे अवशेष उघडे पडले. पुढे १९५७ पासून बनारस हिंदू विद्यापीठाचे अ. कि. नारायण यांनी तिथे रीतसर उत्खनन केले. तळाच्या थरांत कुडाच्या भिंतींची घरे आणि नदीच्या बाजूने घातलेला मातीचा भक्कम बांध आढळला. गावाने एकत्र येऊन बांध घालणे ही नगराकडे जाणारी पायरी खरी, पण ते नगर नव्हे. काळ्या झिलईची, धातूसारखी वाजणारी सुबक खापरे, चांदीची आहत नाणी, मातीची कडी एकावर एक रचून केलेल्या विहिरी, वजने, शिक्के आणि तटबंदी हे सारे एकामागून एक, काही शतकांत येत गेले. भाजलेल्या विटांची घरे तर बरीच उशिरा आली. सिंधूकाठची नगरे विटांनी ओळखली जातात. गंगेकाठची पहिली नगरे माती, लाकूड आणि बांबूची होती. म्हणूनच ती डोळ्यांना कमी दिसतात आणि त्यांचे वय ठरवताना कोळशाच्या कणांवर फार भिस्त ठेवावी लागते.

आता त्या घड्याळाविषयी. वैश्विक किरणांमुळे वातावरणात सुटलेले न्यूट्रॉन नायट्रोजनच्या अणुकेंद्रावर आदळतात आणि कार्बन-१४ तयार होतो. वनस्पती तो श्वसलेल्या कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. मृत्यूनंतर भर थांबते आणि उरलेला साठा ५७३० वर्षांत निम्मा होतो. शिल्लक मोजली की वय निघते. हे वय ‘वर्तमानपूर्व’ वर्षांत देतात आणि या पद्धतीतले ‘वर्तमान’ म्हणजे कायमचे १९५० साल. काळ इथे सोयीसाठी गोठवलेला आहे. मात्र या हिशेबात एक गृहीतक दडलेले आहे: सुरुवातीचा साठा नेहमी सारखाच होता. तसा तो नव्हता. सूर्य जेव्हा मंदावतो, तेव्हा त्याचे चुंबकीय कवच दुबळे होते, जास्त वैश्विक किरण आत शिरतात आणि कार्बन-१४ वाढतो. म्हणून हजारो वर्षांच्या वृक्षवलयांतील कार्बन मोजून एक दुरुस्ती-वक्र तयार केला आहे. प्रयोगशाळेतील वय या वक्रावर ठेवून खरे कॅलेंडर-वर्ष काढतात.

या वक्रात इ.स.पू. ८०० ते ४०० या चार शतकांत एक सपाट पठार आहे. इ.स.पू. नवव्या शतकाच्या सुमारास सूर्य मंद होता. वातावरणातील कार्बन-१४ चढला आणि नंतर सावकाश उतरत गेला. समजा, एक झाड इ.स.पू. ७५० मध्ये तोडले आणि दुसरे इ.स.पू. ४५० मध्ये. तीनशे वर्षांत सुमारे साडेतीन टक्के कार्बन-१४ नष्ट होतो. पण पहिल्या झाडाने सुरुवातच जवळपास तेवढ्या जास्त साठ्याने केली होती. परिणामी आज दोन्ही लाकडांतील शिल्लक जवळजवळ सारखीच भरते. प्रयोगशाळेने कितीही काटेकोर मोजले, २४५० अधिक-उणे ३० असे उत्तर दिले, तरी दुरुस्तीनंतर त्याचा अर्थ होतो ‘इ.स.पू. साडेसातशे ते चारशे यांमध्ये कधीतरी’. युरोपातील लोहयुगाचे अभ्यासक हॉलस्टॅटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पठारामुळे कित्येक दशके हैराण आहेत. भारतात त्याची झळ अधिक लागते, कारण याच चार शतकांत गंगेच्या मैदानातील गावांची नगरे झाली, जनपदांची राज्ये झाली, बुद्ध आणि महावीर होऊन गेले. सर्वांत गजबजलेल्या काळातच घड्याळाचे काटे जागच्या जागी थांबलेले दिसतात.

ही अडचण पूर्ण उलगडण्याआधीच भारतात वादांना तोंड फुटले होते. ब्रजबासी लाल यांनी १९५०-५२ मध्ये हस्तिनापूर खणले आणि करड्या रंगाच्या चित्रित खापरांचा काळ साधारण इ.स.पू. ११०० ते ८०० असा मांडला. साठच्या दशकात मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाने कार्बन-कालमापन सुरू केले. त्या तारखांच्या आधारे धर्मपाल अग्रवाल यांनी हीच खापरे बरीच अलीकडे, इ.स.पू. ८०० ते ४००च्या आसपास, ओढली. तेव्हाच्या तारखा दुरुस्ती-वक्रावर तपासलेल्या नव्हत्या. पुढे दुरुस्ती आली, पण निकाल लागण्याऐवजी अनेक तारखा पठारावर जाऊन विसावल्या. दोन्ही पक्षांना थोडी थोडी जागा उरली.

याच टाटा संस्थेत गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी १९४५ ते १९६२ या काळात होते. गोव्यात जन्मलेल्या, पाली पंडिताच्या या मुलाचे आडनाव कौशांबीच्या पाली नावाशी जुळावे, ही एक गंमतच. आपल्या १९५६च्या ग्रंथात त्यांनी मांडले की गंगेच्या मैदानातील घनदाट जंगल हटवून भारी जमीन नांगराखाली आणायला लोखंड हवे होते. ते दक्षिण बिहारच्या खनिजाने पुरवले आणि त्यातून मगधाची सत्ता व नगरे वाढली. मांडणी देखणी होती आणि तिने एका पिढीला विचार करायला लावले. पण ती उभी होती घटनांच्या क्रमावर: आधी लोखंड, मग लगेच जंगलतोड, मग धान्याची शिल्लक, मग नगर.

त्या क्रमाला धक्का बसला तो लखनौ जिल्ह्यातूनच. उत्तर प्रदेश राज्य पुरातत्त्व विभागाच्या राकेश तिवारी यांनी दादूपूर, तसेच सोनभद्रमधील राजा नल का टीला आणि चंदौलीतील मल्हार येथे उत्खनन केले. लोखंडी वस्तू, भट्ट्या आणि धातुमळी ज्या थरांत सापडली, त्यांच्या कार्बन-तारखा इ.स.पू. १८०० ते १००० अशा निघाल्या. ही मांडणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. इ.स.पू. दुसरे सहस्रक पठाराच्या बाहेर आहे, तिथे घड्याळ बरे चालते. तेव्हा या तारखा ढोबळमानाने जरी मान्य केल्या, तरी लोखंड आणि नगर यांच्यात कित्येक शतकांचे अंतर पडते. लोखंड असूनही एवढा काळ नगरे झाली नसतील, तर नुसते लोखंड हे कारण पुरेसे नाही. अमलानंद घोष यांनी १९७३ मध्येच हे वेगळ्या वाटेने सांगितले होते: शिल्लक धान्य आपोआप साठत नाही, ते काढून घेणारी सत्ता लागते. मक्खन लाल यांनी लखनौच्या शेजारच्या कानपूर जिल्ह्यात गावोगाव हिंडून जुन्या वस्त्या नोंदवल्या; त्यांनाही पहिल्या नगरांच्या काळात सरसकट जंगलतोडीचा पुरावा दिसला नाही. सुरुवातीच्या थरांतील लोखंडात फाळ-कुऱ्हाडींपेक्षा बाणाग्रे नि भालेच अधिक आहेत, हीही सूचक गोष्ट आहे. कोसंबींचा प्रश्न मात्र अजून ताजा आहे, बदलले आहे ते उत्तर.

धान्याची कथा तर आणखी मागे जाते. संत कबीर नगर जिल्ह्यातील लहुरादेवा येथे तळ्याकाठच्या वस्तीत भाताचे जळके दाणे मिळाले. त्यांतील एका दाण्याचे थेट मापन करून तारीख आली इ.स.पू. ६४००च्या सुमाराची. तो भात पेरलेला होता की पाणथळीतून गोळा केलेला, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण भात खाणारी माणसे आणि पहिले तटबंद नगर यांच्यात निदान पाच हजार वर्षे गेली, एवढे नक्की.

इथे दाणा आणि कोळसा यांतला फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. दाणा एका हंगामाचा असतो. कोळसा शंभर-दीडशे वर्षांच्या सालवृक्षाच्या गाभ्याचाही असू शकतो, आणि तो गाभा झाड तोडण्याच्या कितीतरी आधीच ‘मेलेला’ असतो. शिवाय चांगले लाकूड कोणी टाकून देत नाही. जुन्या घराचा वासा नव्या घरात जातो आणि शेवटी चुलीत. नालंदेजवळच्या जुआफरडीहसारख्या ठिकाणी काळ्या झिलईच्या खापरांना इ.स.पू. १००० किंवा त्याहून जुन्या तारखा मिळाल्या आहेत. त्या चुकीच्या आहेत असे म्हणता येत नाही, पण धान्याच्या दाण्यांवर त्या पडताळल्याखेरीज सारा कालक्रम मागे सरकवणेही घाईचे ठरेल. जुन्या गायगर-मोजणीला ग्रॅमवारी कार्बन लागे. त्वरक यंत्राच्या साहाय्याने अणू मोजणाऱ्या नव्या पद्धतीला मिलिग्रॅम पुरतो, म्हणून एकेक दाणा तपासणे शक्य झाले. दिल्ली आणि अहमदाबाद येथे अशी यंत्रे आता चालू आहेत.

कौशांबीच्या तटाचा वाद या साऱ्याचा नमुना आहे. यमुनेकाठच्या कोसम गावाजवळ सहा-साडेसहा किलोमीटर घेराचा मातीचा तट आजही टेकड्यांच्या रांगेसारखा उभा आहे. अलाहाबाद विद्यापीठाचे गोवर्धन राय शर्मा यांनी १९४९ पासून तिथे उत्खनन केले आणि तटाची सुरुवात इ.स.पू. अकराव्या-दहाव्या शतकाइतकी मागे नेली. इतर पुरातत्त्वज्ञांनी थर पुन्हा वाचून ती सहाव्या शतकाच्या आसपास आणली. चारशे-पाचशे वर्षांचा हा फरक किरकोळ नव्हे. पहिले मत खरे असेल, तर तट आधी आणि व्यापारी नगर मागून आले. दुसरे खरे असेल, तर नगर, नाणी आणि राज्य एकाच लाटेत वाढले. मुळात मातीच्या तटाचे वय काढणेच अवघड. तटात भरलेली माती आसपासच्या जुन्या वस्तीतून खणून आणलेली असते, तिच्यातला कोळसा आणि खापरे तटापेक्षा जुनी असणारच. मातीच्या कणांवर शेवटचा सूर्यप्रकाश कधी पडला हे मोजणारी दीप्ती-पद्धत इथे उपयोगी पडते; पठाराचा तिला त्रास नाही. पण तिची अनिश्चितता वयाच्या पाच ते दहा टक्के असते. अडीच हजार वर्षांत ती सव्वाशे ते अडीचशे वर्षे भरते. एका धुक्यातून निघून दुसऱ्यात शिरल्यासारखे होते.

ग्रंथांचा आधार घ्यावा, तर तिथेही तीच गत. बुद्धाच्या परिनिर्वाणाचे वर्ष अशोकावरून मागे मोजतात. सिंहली परंपरेच्या हिशेबाने ते इ.स.पू. ४८३च्या आसपास येते, दुसऱ्या परंपरेच्या हिशेबाने शतकाहून अधिक अलीकडे. म्हणजे आनंदाने सहा महानगरांची नावे घेतली ती कधी, हेही शंभर वर्षांच्या फरकाने हलते, आणि हा सगळा फरक बहुतांशी त्याच पठारावर पडतो.

महाराष्ट्राच्या इतिहासालाही या पठाराचा स्पर्श झाला आहे. पुण्याजवळ घोड नदीकाठी असलेल्या इनामगावात हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी यांनी १९६८ पासून तब्बल पंधरा वर्षे उत्खनन केले. तिथली ताम्रपाषाणयुगीन वस्ती इ.स.पू. ७००च्या सुमारास संपली. त्यानंतर दख्खनमध्ये नगरे दिसतात ती मौर्य-सातवाहन काळात. मधल्या काळात पश्चिम महाराष्ट्रातील माणसे कुठे गेली, ती पशुपालक होऊन विखुरली का, यावर खूप लिहिले गेले आहे. ही पोकळी नेमकी किती लांब होती, हे ठरवताना तिचा मोठा भाग पठाराखाली येतो, ही गोष्ट त्या लिखाणात क्वचितच ठळकपणे मांडली जाते.

सुटकेच्या वाटा अगदीच नाहीत असे नाही. एकाच खड्ड्यातील थरांचा वर-खाली क्रम निश्चित असतो. खालचा दाणा वरच्यापेक्षा जुना, एवढे ज्ञान संभाव्यतेच्या गणितात घातले की, एकेकटी तारीख चार शतके पसरलेली असली, तरी दहा-पंधरा तारखांची साखळी बरीच आवळली जाते. त्यासाठी उत्खनन करताना दाणे चाळणीने आणि पाण्यात तरंगवून थरागणिक वेगळे काढावे लागतात. जुन्या उत्खननांत हे क्वचितच झाले. दुसरी वाट सूर्याने आणि अवकाशानेच दिली आहे. इ.स.पू. ६६४-६६३च्या सुमारास ऊर्जावान कणांचा प्रचंड झोत पृथ्वीवर आदळला आणि त्या काळातील वृक्षवलयांत कार्बन-१४ची अचानक उसळी नोंदली गेली. ज्या लाकडात ते वलय शाबूत आहे, त्याचे वय जवळपास वर्षापर्यंत सांगता येते. पठारावर रोवलेला हा एकुलता एक मैलाचा दगड आहे.

प्रश्न लाकडाचा आहे. गंगेच्या उष्ण, दमट गाळात लाकूड टिकत नाही. सालाची वलयेही सागवान किंवा देवदाराइतकी स्पष्ट नसतात. हिमालयातील झाडांच्या वलयमाला लखनौच्या प्रयोगशाळेत हजार वर्षांपलीकडे नेल्या गेल्या आहेत, पण त्या या नगरांपर्यंत पोहोचत नाहीत. तरी एक अपवाद आहे. मेगास्थेनिसच्या वृत्तान्तात पाटलीपुत्राभोवती लाकडी तट होता, त्याला ५७० बुरूज आणि ६४ दरवाजे होते. हे वर्णन अतिशयोक्त वाटत असे. विसाव्या शतकाच्या आरंभी पाटण्याच्या बुलंदीबागेत पाणथळ मातीखालून सालाच्या भल्यामोठ्या ओंडक्यांच्या दुहेरी रांगा निघाल्या आणि तो तट डोळ्यांसमोर उभा राहिला. (जवळच्याच कुम्हरार येथील उत्खननाला सर रतन टाटांनी पैसा पुरवला होता.) पठार इ.स.पू. ४००च्या सुमारास संपते आणि वक्र एकदम उतरतो. शंभर वर्षे वाढलेल्या ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीपर्यंत ओळीने दहा नमुने घेऊन मोजले, तर तो उतार त्या आकड्यांत उमटला आहे की नाही हे दिसेल. उमटला असेल, तर ते झाड कोणत्या दोन-तीन दशकांत तोडले गेले तेही सांगता येईल. त्यासाठी सालीपर्यंतची वलये शाबूत असलेला एक ओंडका हवा, आणि कीड लागू नये म्हणून त्यावर रसायने चोपडण्याआधी कोणीतरी त्याचा एक पातळ काप काढून ठेवलेला असायला हवा.